बंद पडलेल्या स्केटिंग रिंकचा इतिहास कसा काढायचा: आधी फरशी, मग माणसं, शेवटी कागद

सगळ्यात आधी खराटा लागतो. वही, टेप, मोबाईल हे सगळं नंतर. बंद पडलेल्या रिंकवर दोन बोटं माती, कडुनिंबाचा पाला आणि कुणीतरी आणून टाकलेली खडी असते. ती बाजूला केल्याशिवाय पुढचं काही दिसत नाही.

आधी मी कोण ते सांगतो. सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमाग कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे माग नीट चालू ठेवणारा कारागीर म्हणून, माझी नोकरी झाली. तरुणपणी कारखाना सुटला की संध्याकाळी एका शिक्षणसंस्थेच्या स्केटिंग रिंकवर काउंटर सांभाळायचो. स्केट द्यायचे, परत घ्यायचे, बेअरिंग धुवायचे, रडणारं पोर उचलायचं. रिंक बंद पडून बराच काळ लोटला. मग संस्थेची स्मरणिका निघायची ठरली आणि ‘तुम्ही होता, दोन पानं लिहा’ असा निरोप आला. दोन पानांत ते बसणार नव्हतंच. रिंकचं आणि संस्थेचं नाव इथं घालत नाही. पद्धत सांगायची आहे, ती बार्शी, पंढरपूर, लातूर कुठल्याही गावातल्या रिंकला लागू पडेल.

असं काम हातात घेणारे बहुतेक जण थेट कचेरीत जातात. उतारा काढला की इतिहास मिळाला, असं त्यांना वाटतं. पण उताऱ्यात ‘स्केटिंग’ हा शब्दच नसतो. जागा कुणाची, क्षेत्र किती, फेरफार कधी, एवढंच. काय शोधायचंय ते माहीत नसताना कागद उघडला तर नुसते शिक्के वाचत बसावं लागतं. म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी फरशी वाचायची, तिच्यावरून प्रश्न काढायचे, ते माणसांना विचारायचे आणि त्यांच्या उत्तरांतून ठरवायचं की कुठला कागद मागायचा.

फरशी वाचणं

मालकाची परवानगी घ्या, शक्यतो लेखी. संस्था असेल तर सचिवांच्या नावानं साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. नाहीतर टेप धरून उभं राहिलं की कुणीतरी येतंच. मला तिथल्या वॉचमननं विचारलं, “काय मोजलालाव ओ? प्लॉट पाडलालेत काय?” जागा मोजणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे कुणी चांगल्या नजरेनं बघत नाही.

जायची वेळ सकाळी साडेसहा-सात, नाहीतर ऊन उतरल्यावर. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२-४३ला जातो, दुपारी उघड्या कोब्यावर उभं राहवत नाही. शिवाय डोक्यावरच्या उन्हात फरशी सपाट दिसते. तिरपं ऊन असलं की प्रत्येक ओरखड्याला सावली पडते आणि तो डोळ्यांत भरतो. अंधाऱ्या हॉलमधला रिंक असेल तर बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरा, तोच परिणाम मिळतो.

पहिलं माप लांबी-रुंदीचं. रोलर हॉकीचा प्रमाणित रिंक ४० मीटर बाय २० मीटर असतो, कोपरे गोलसर आणि कडेला मीटरभर उंचीचा कठडा. तुमची जागा लांबीला रुंदीच्या दुप्पट आणि कोपरे मुद्दाम गोल केलेले असतील, तर बांधणाऱ्यानं कुठंतरी नियमाचं पुस्तक बघितलं होतं. आमचा रिंक कुठल्याच मापात बसत नव्हता. एका बाजूला विहीर होती, दुसऱ्या बाजूला वर्गखोल्या, मधे उरली तेवढ्या जागेत तो बसवलेला. छोट्या गावांतले बरेच रिंक असेच, जागा उरली म्हणून झालेले. हे पण लिहून ठेवायचं असतं.

मग फरशी कशाची ते बघा. शहाबाद जवळ असल्यामुळं सोलापुरात घर, अंगण, दुकान जिथं तिथं शहाबादी फरशी. पण रिंकला ती चालत नाही, सांध्यात चाक अडकतं आणि पोर तोंडावर पडतं. त्यामुळं बहुतेक ठिकाणी आयपीएस (इंडियन पेटंट स्टोन), म्हणजे घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा कोबा मिळेल, क्वचित मोझॅक. आयपीएस कोबा एकसलग ओतत नाहीत. चौकोन पाडून एकाआड एक ओततात आणि दोन चौकोनांच्या मधे काचपट्टी उभी करतात, म्हणजे सिमेंट आकसलं तरी भेग पट्टीवरच थांबते. चौकोन मोजा. एखाद्या ओळीत चौकोनांचं माप अचानक बदलत असेल, तर तिथून पुढचा भाग नंतर वाढवलेला आहे. सिमेंटचा रंगही थोडा वेगळा दिसतो. आमच्याकडे पश्चिमेच्या शेवटच्या दोन ओळी अशा निघाल्या. रिंक वाढवला होता हे तोपर्यंत कुणीच बोललं नव्हतं, आणि मी रुजू होण्याआधीचं असल्यामुळं मलाही ठाऊक नव्हतं.

भेगांनाही अर्थ असतो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खाली मुरूम नीट भरून धुमस मारली नसेल तर ती कोब्याला उचलते, आणि मग भेग काचपट्टी न जुमानता तीन-चार चौकोन ओलांडून जाते. एकाच ठिकाणाहून चारी बाजूंना गेलेल्या बारीक भेगा असतील तर तिथं काहीतरी जड पडलंय किंवा पहार मारलीय. कडेनं ठरावीक अंतरावर बुजवलेली गोल भोकं दिसली, तर टेप लावून अंतर मोजा. रेलिंगच्या पाइपाची भोकं सारख्या अंतरावर आणि लहान असतात. मांडवाच्या बांबूची भोकं मोठी, वेडीवाकडी आणि कशातरी मसाल्यानं बुजवलेली. दोन्ही मिळाली, तर या जागेवर स्केटिंगही झालं आणि लग्नंही लागली.

आता ओरखडे. इथं वेळ घालवा, घाई करू नका.

जुने पट्ट्याचे स्केट, जे चपलेवर किंवा कॅनव्हासच्या बुटावर चढवायचे आणि चावीनं आवळायचे, त्यांची चाकं लोखंडी असायची. लोखंडी चाक सिमेंटवर पांढुरकी बारीक रेघ ओढतं आणि ती रेघ जात नाही, पाण्यानं तर नाहीच. नंतर आलेल्या पॉलियुरेथेनच्या चाकानं रेघ उठत नाही, फरशी उलट गुळगुळीत होते. पुढच्या टोकाला रबरी ब्रेक असलेल्या स्केटनं थांबताना काळा, आखूड, जाड डाग पडतो. म्हणजे एकाच फरशीवर दोन जमाने एकमेकांवर पडलेले असतात, आणि कोण वर, कोण खाली हे बघता येतं.

त्यासाठी रंगाचे पट्टे शोधा. आमच्या रिंकवर तीन रंग होते. पांढरा, अगदी कडेचा. पिवळा, मध्यभागी आयत. आणि लाल तिरपे पट्टे. पिवळा आयत मोजला तर १३.४० बाय ६.१० मीटर, म्हणजे बॅडमिंटनचं कोर्ट. एक भिंग घ्या, घड्याळजीचं असलं तर उत्तम, आणि ओरखडा जिथं पट्ट्याला भेटतो तिथं डोळा लावा. ओरखडा पट्ट्याखालून जात असेल तर रंग त्याच्या खाचेत उतरलेला दिसतो. वरून गेला असेल तर रंग कापलेला असतो आणि कडेला त्याचा पापुद्रा निघालेला असतो. पिवळ्या पट्ट्याला दोन्ही प्रकारचे ओरखडे निघाले. म्हणजे बॅडमिंटन आलं तेव्हा स्केटिंग आधीपासून चालू होतं आणि नंतरही चालू राहिलं. लाल पट्ट्यांवर मात्र एकही ओरखडा नव्हता. ते मोटारसायकली लावायचे पट्टे. ते मारले तेव्हा निदान लोखंडी चाकांचं स्केटिंग संपलेलं होतं. सगळं बिनसाली आहे, कबूल. पण क्रम पक्का आहे, आणि नंतर कुणी कितीही ठासून वेगळं सांगितलं तरी तो हलत नाही.

फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा टेप ठेवा. खडूनं चौकोनांना आकडे द्या, नाहीतर घरी आल्यावर कुठला ओरखडा कुठला ते कळत नाही. खडू पावसात धुऊन जातो, ऑइलपेंट वापरू नका.

स्केट सापडले तर

अडगळीच्या खोलीत पोतं असतंच. मालकाला विचारून उघडा, आधी झटका, विंचू असतो.

माहिती काढायला इंटरनेटवर गेलात की मर्लिन नावाचा गृहस्थ भेटतो. १७६०च्या दशकात लंडनच्या एका मेजवानीत तो चाकांचे बूट घालून व्हायोलिन वाजवत आला, थांबता येईना म्हणून मोठ्या आरशावर जाऊन आदळला. किस्सा मजेशीर आहे. आपल्या रिंकच्या इतिहासात तो घालू नका. शाळेच्या स्मरणिकेत लंडनचा आरसा पहिल्या पानावर आणि आपला मिस्त्री शेवटच्या पानावर, असं होऊन बसतं.

त्यापेक्षा हातातल्या स्केटकडे बघा. चाकं दोन पुढं दोन मागं असतील आणि आसाच्या वर रबरी गुटका असेल, तर ती अमेरिकेच्या जेम्स प्लिम्प्टनची १८६३ची युक्ती. अंग एका बाजूला झुकवलं की गुटका दबतो आणि आस वळतो, म्हणून पाय न उचलता वळता येतं. आम्ही त्या गुटक्यांना बुश म्हणायचो. ते चिरले की सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून वेळ मारून न्यायचो, त्यामुळं पोतं उघडल्यावर ट्यूबचे तुकडे दिसले तर हसू नका, ती दुरुस्तीची नोंद आहे. चाकात बेअरिंग आहे का बघा. बऱ्याचशा स्केटला ६०८ नंबरचं बेअरिंग बसतं: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. एका चाकात दोन, म्हणजे चार चाकांच्या जोडीला सोळा. साध्या लोखंडी चाकांत कधीकधी सुटे छर्रेच असतात. चाकं एका ओळीत असतील तर ते इनलाइन. अमेरिकेत १९८०च्या सुमाराला स्कॉट ओल्सननं त्यांचा धंदा सुरू केला आणि मग ते जगभर पसरले. पण इनलाइन नाहीत म्हणजे रिंक त्याआधीचा, असा हिशेब करू नका. आपल्याकडे स्पर्धांत आजही क्वाड (दोन पुढं दोन मागं चाकांचे) आणि इनलाइन असे वेगळे गट असतात.

एक खूण मात्र काउंटरवर बसलेल्या माणसालाच ठाऊक असते. रिंकवर सगळे घड्याळाच्या उलट फिरतात. सतत डावीकडं वळून दोन्ही पायांच्या स्केटची डाव्या बाजूची चाकं आधी झिजतात. आम्ही ती महिन्या-पंधरा दिवसांनी उजवीकडं टाकायचो. पोत्यातल्या जोड्यांची चाकं सारखी झिजलेली असतील तर कुणीतरी काळजीनं अदलाबदल करत होतं. एकाच बाजूनं खाल्लेली असतील तर शेवटी शेवटी लक्ष देणारं कुणी उरलं नव्हतं. आमच्या पोत्यात दोन्ही प्रकार होते. लहान मापाचे सगळे एका बाजूनं खाल्लेले.

माणसांना साल विचारू नका

“रिंक कधी सुरू झाला?” असं विचारलं की माणूस घाबरतो, नाहीतर ठोकून देतो. दहा जणांकडून दहा सालं मिळतील आणि प्रत्येक जण दुसऱ्याला खोटं पाडेल. त्यापेक्षा खुंटी द्या. सोलापूरच्या माणसाला चालणाऱ्या खुंट्या या: किल्लारीच्या भूकंपाच्या आधी की नंतर? तो ३० सप्टेंबर १९९३ची पहाट होती, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, त्यामुळं त्या रात्री कोण कुठं होतं हे प्रत्येकाला आठवतं. लक्ष्मी-विष्णू मिल चालू होती का तेव्हा? भोंगा ऐकू यायचा का? रिंकवर जायचास तेव्हा तू कितवीत? रिंक सोडल्यावर दहावी दिलीस की दहावी झाल्यावर रिंक सोडलास? नव्या मंडळींना विचारायचं तर लॉकडाऊन आहे, आणि सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तो १५ जून २०२३चा दिवस आहे.

वर्षाच्या आतला महिना काढायला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा आहे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर पाळणे लागले की रिंकवर चिटपाखरू नसायचं. आमची सगळ्यात मोठी गर्दी त्यानंतरची, वार्षिक परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंत. तीही सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर.

कुणाला गाठायचं? बक्षिसं मिळवणारे सगळ्यात शेवटी. ते फक्त स्पर्धा सांगतात. फरशी ओतणारा मिस्त्री किंवा त्याचा मुलगा आधी गाठा. कोबा ओतल्यावर आळी करून पाणी साठवावं लागतं, आणि आमच्या गावात पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पाणी कुठून आणलं हे मिस्त्री कधी विसरत नाही. आमच्या मिस्त्रीच्या मुलानं सांगितलं की शेवटच्या दोन ओळी ओतल्या तेव्हा विहीर आटलेली होती, टँकर मागवला आणि टँकरवाल्याशी भांडण झालं. चौकोनांचं माप बदललेलं मी फरशीवर बघून आलो होतो म्हणूनच मला हा प्रश्न सुचला. नुसतं “रिंकबद्दल सांगा” म्हटलं असतं तर तो “छान होता” म्हणून मोकळा झाला असता.

दुसरा उत्तम साक्षीदार म्हणजे त्रास झालेला शेजारी. रिंकवर खेळणाऱ्याला मजा आठवते, शेजाऱ्याला वेळ आठवते. आमच्या रिंकच्या भिंतीपलीकडच्या आजोबांनी सांगितलं, आधी संध्याकाळभर खरखर असायची, रेडिओवरच्या बातम्या ऐकू यायच्या नाहीत. मग एका उन्हाळ्यात खरखर थांबली, नुसती पोरांची ओरड राहिली. लोखंडी चाकं जाऊन प्लास्टिकसारखी चाकं आली तो हा उन्हाळा. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या नातीचं बारसं झालं होतं, त्यामुळं साल मिळालं. ओरखड्यांनी क्रम दिला होता, बारशानं तारीख दिली.

बायकांशी वेगळं बोला. नवरा, दीर शेजारी बसलेले असले की उत्तर “लहानपणी जायचो, मग सोडलं” एवढंच येतं. मग कधी, आणि सोडलं की सोडायला लावलं, हे एकट्यानं बोलल्यावर कळतं. माझ्या बायकोला बरोबर नेलं तेव्हा अर्धी माहिती तिनंच काढली. रिंकभोवती उभं राहून टोमणे मारणारी टोळकी, पायजम्यावर स्केटिंग करावं लागायचं, सातवीनंतर घरून मनाई. यातलं काहीच काउंटरवरून मला दिसत नव्हतं.

भाषेचंही बघा. पूर्वभागात म्हातारी माणसं तेलुगूत मोकळी होतात, अक्कलकोट रस्त्याकडची कन्नडमध्ये. मराठीत ती उत्तर देतील, पण आटोपशीर देतील. शेजारचा नातू, सून कुणीतरी बरोबर बसवा आणि त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. रेकॉर्डिंग असतं, उतरवून नंतर घेता येतं.

रेकॉर्डिंगसाठी मोबाईल खिशात नको, टेबलावर जाड टॉवेलची घडी घालून त्यावर ठेवा. पंखा बंद. यंत्रमागाच्या शेडजवळ घर असेल तर कारखाना बंद असेल त्या दिवशी जा, खटाखटीत काही ऐकू येत नाही. सुरुवातीला स्वतःच्या तोंडानं तारीख, जागा आणि समोरच्याची परवानगी बोलून घ्या. ज्यांची नावं छापलेली नको आहेत त्यांची छापू नका.

फोटो लग्नाच्या अल्बममध्ये असतात

स्केटिंगचे फोटो कुणाकडे नसतात. तेव्हा कॅमेरा पोराच्या पडण्यावर रोल घालवण्यासाठी नव्हता. पण त्याच जागेवर जेवणावळी झाल्या, आणि लग्नाचा अल्बम प्रत्येक घरात आहे. पंगतीच्या फोटोत वाढप्याच्या मागं काय आहे ते बघा. आमच्या रेलिंगचा, दिव्याच्या खांबाचा आणि काउंटरच्या खिडकीवरच्या दरपत्रकाचा एकुलता एक फोटो एका पंगतीतला आहे. पुढं जिलेबी वाढणारा काका, मागं पाटी: तासाचे दर, ‘स्केट हरवल्यास भरून द्यावे लागेल’, आणि खाली अर्धं दिसणारं ‘बुट बाहेर काढावे’. अल्बमवर लग्नाची तारीख असतेच, लग्नपत्रिकाही बहुधा आत खोचलेली असते.

अल्बम घरी मागू नका, कुणी देत नाही आणि का द्यावा. तिथंच दारापाशी, सावलीत, उजेड बाजूनं येईल असं ठेवून मोबाईलनं फोटो काढा. प्लास्टिकचा कागद चमकतो, तो उचलता येत असेल तर घरच्यांनाच उचलायला सांगा. सुटा फोटो असेल तर मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, कधी पेन्सिलनं लिहिलेला रोल नंबर, हे सगळं मागं असतं.

आता कागद

इथवर आलात की कचेरीत तीनच ठिकाणं पुरतात.

जागेसाठी नगर भूमापन कार्यालय. सिटी सर्वे नंबर लागतो, तो संस्थेच्या मिळकतकराच्या पावतीवर किंवा शेजाऱ्याच्या कागदावर मिळतो. मिळकत पत्रिका महाभूलेखच्या संकेतस्थळावरही बघता येते. जुने फेरफार मात्र कार्यालयात नक्कल अर्ज करूनच मिळतात. त्यातून जागा कुणाकडून कुणाकडं गेली ते कळतं, बाकी काही नाही. जास्त अपेक्षा ठेवू नका.

बांधकामाचा परवाना आणि मिळकतकराची आकारणी महापालिकेकडं. सोलापूरची महापालिका १९६४ची, त्याआधी नगरपालिका होती, त्यामुळं जागा त्याहून जुनी असेल तर दप्तर कुठलं मागायचं ते आधी ठरवा. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत, आणि उत्तराला ३० दिवस. “रिंकची सर्व माहिती द्यावी” असं लिहिलं की “माहिती उपलब्ध नाही” असं येतं. “अमुक सिटी सर्वे नंबरमधील वाढीव बांधकामास अमुक ते अमुक सालात दिलेल्या परवानगीची प्रत” असं मागा. ही सालं तुम्हाला विहीर आटल्याच्या गोष्टीनं दिलेली असतात, म्हणून मी माणसांनंतर कागद म्हणतोय.

तिसरं ठिकाण सगळ्यात रसाळ आणि तिथं कुणी जात नाही: धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला दरवर्षी तपासलेले हिशेब तिथं द्यावे लागतात. ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये, उत्पन्न-खर्च परिशिष्ट नऊमध्ये. नकला मागा आणि वर्षावर वर्ष ठेवून नऊ नंबरचं परिशिष्ट वाचा. आमच्या संस्थेत आधी ‘क्रीडा फी’ असा वेगळा रकाना होता. मग एका वर्षी त्याखाली ‘मैदान भाडे’ उगवलं. दोन-तीन वर्षांत ते वरच्या आकड्याला मागं टाकून गेलं. पुढं ‘क्रीडा फी’ ‘किरकोळ जमा’मध्ये विरघळली आणि दिसेनाशी झाली. ताळेबंदात मात्र स्केट ‘क्रीडा साहित्य’ म्हणून घसारा लावत लावत कितीतरी वर्षं पुढं जिवंत होते.

वर्तमानपत्रांचं सांगायचं तर सगळे अंक चाळायला बसू नका, डोळे जातील. एप्रिलचा पहिला पंधरवडा बघा, उन्हाळी शिबिरांच्या छोट्या जाहिराती तेव्हाच येतात. ‘संचार’सारख्या स्थानिक दैनिकात त्या हमखास असायच्या. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा दैनिकाच्या कचेरीत कुठल्या वर्षांच्या फायली बघायला मिळतील ते आधी फोन करून विचारा, मगच जा.

‘का बंद पडला’ याचं एक उत्तर मिळालं तर थांबू नका

प्रत्येकाकडं एकच कारण तयार असतं. प्रशिक्षक म्हणतील संस्थेला पैशाचा लोभ सुटला. संस्था म्हणेल पोरं येईनाशी झाली. पालक म्हणतील पोराचा हात मोडला होता. मी स्वतः बरीच वर्षं मंगल कार्यालयाला, म्हणजे रिंकची जागा लग्नांना भाड्यानं देण्याला, दोष देत होतो आणि अजूनही थोडा देतो. पण खेळच बदलला होता हेही तितकंच खरं. स्पीड स्केटिंगचा प्रमाणित ट्रॅक २०० मीटरचा, वळणावर उतार दिलेला. इनलाइनची चाकं मोठी, वेग जास्त. त्या वेगाला आमच्या विहिरीशेजारच्या तुकड्यात दोन ढांगांत भिंत यायची. २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्य जिंकलं. तसं काही शिकायचं तर ट्रॅकच असलेल्या गावाला जाणं भाग, आणि ज्यांची पोरं खरंच चांगली होती ते पालक पुण्याला गेलेही. मागं उरली ती लहान मापाचे स्केट घालणारी, आणि त्यांच्या स्केटची चाकं कुणी उलटवत नव्हतं.

ही सगळी कारणं एकाशेजारी एक लिहा. कोण काय म्हणालं ते त्याच्या तोंडी ठेवा, फरशी आणि हिशेब काय म्हणतात ते वेगळं. दोन माणसं परस्परविरुद्ध बोलत असतील तर दोघांचं छापा. वाचणाऱ्याला कळतं.

लिहून झाल्यावर

मुख्य गोष्ट लेख नव्हे, नकाशा. आलेखाच्या कागदावर रिंक काढा, एक सेंटिमीटरला एक मीटर असं प्रमाण धरा, उत्तर दिशा दाखवा, प्रत्येक चौकोनाचा आकडा, काउंटर, खांब, विहीर, पट्टे, भेगा सगळं त्यात. मजकुरात ‘पश्चिमेच्या शेवटच्या ओळीत’ असं लिहिलं की आकडा द्या. माझ्या मुलीनं हाच नकाशा संगणकावर काढून दिला, पण हातानं काढलेला मूळ कागद फेकू दिला नाही, ते बरं केलं. त्यावर खाडाखोड आहे आणि खाडाखोडीतच कुठं शंका होती ते कळतं.

प्रती तीन करा. एक संस्थेला, एक वाचनालयाला, एक ज्या शेजाऱ्यानं सगळ्यात जास्त तक्रार केली त्याच्या घरी. रेकॉर्डिंगच्या फायलींना ‘ऑडिओ ००१’ अशी नावं ठेवू नका, तारीख, आळी आणि विषय घाला. पेन ड्राइव्ह कपाटात टाकून विसरू नका, दर वर्ष-दोन वर्षांनी उघडून बघा आणि नव्यावर उतरवा. मिळकत पत्रिका आणि हिशेबांच्या नकला प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पावसाळ्यात ओल धरतात. कागदी पाकिटात घालून वरच्या फळीवर ठेवा.